सर्वस्व पणाला: पोकरमधील एका चालीचा इतिहास

सर्वस्व पणाला लावणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे युधिष्ठिराची द्यूतसभा उभी राहते. अमेरिकेतील पोकरच्या स्पर्धांत हा प्रकार रोज घडतो, आणि तेथे त्याला अविचार न म्हणता हिशेब म्हणतात. असे का, हे आज आम्हांस पाहावयाचे आहे.

लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू या जुगारगृहात १९७० साली पोकरची जागतिक स्पर्धा सुरू झाली. टेक्सास होल्डेम प्रकारात प्रत्येकास दोन पाने मिळतात. सर्वांसाठीची पाच पाने मागाहून उघडतात. बोली मात्र ती उघडण्यापूर्वीच सुरू होते. तीन पत्तीतल्या बुटासारखी सक्तीची रक्कम दोघांनी आळीपाळीने टाकावयाची असते. तिला ब्लाइंड म्हणतात. ठरावीक वेळाने ती वाढते, म्हणून नुसता बसून राहणारा झिजत जातो.

१९८२ साली जॅक स्ट्रॉसजवळ एकदा एकच चिप उरली होती आणि तीवरून त्याने १०४ जणांची स्पर्धा जिंकली, अशी कथा सांगतात. कथा रम्य खरी, पण तीत शास्त्र नाही. एका चिपेला कोण भिणार?

शास्त्र भीतीचे आहे. डेव्हिड स्क्लान्स्की याने २००२ च्या ग्रंथात मांडले की, दुसऱ्याची चाल स्वीकारण्यास जितकी चांगली पाने लागतात, तितकी स्वतः पहिली चाल करण्यास लागत नाहीत. कारण चाल करणाऱ्यास जिंकण्याच्या दोन वाटा असतात: पाने सरस ठरणे, किंवा समोरच्याने डाव सोडणे. धर्मराजाला ही दुसरी वाट नव्हती. फासे काही डाव सोडून देत नाहीत.

उदाहरण घेऊ. ब्लाइंड ५०० आणि १,००० आहेत. एकाने २,५०० ची चाल केली. आपण ब्लाइंडमध्ये नाही, आणि जवळच्या १५,००० चिपा सगळ्याच पुढे ढकलल्या. दहापैकी सहा वेळा त्याने पाने टाकली तर प्रत्येक वेळी मधल्या ४,००० आपल्या. उरलेल्या चार वेळा तो लढला आणि आपली विजयाची शक्यता शेकडा ३५ च असली, तर दर वेळी सरासरी ३,९७५ जातात. गोळाबेरीज केली तर दर डावामागे ८१० चिपांचा फायदा, तोही कमजोर पानांवर!

मात्र जवळ ५,००० च असते, तर त्याला आणखी २,५०० घालून ९,००० वर हक्क सांगता आला असता. तो कशाला सोडील? उलट ६०,००० असते, तर ४,००० साठी एवढे घालणे मूर्खपणाचे. लहान, पण अगदीच लहान नव्हे, अशाच ढिगाला ही चाल शोभते. डॅन हॅरिंग्टनने २००५ मध्ये ढिगाला ब्लाइंडच्या बेरजेने भागण्याची पॉल मॅग्रीलची रीत लोकांपुढे आणली, ती याच मापासाठी.

२००३ साली ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ८३९ जणांत पहिला आला. पुढच्याच वर्षी २,५७६ जण उतरले. पुस्तके खपली, चाल सर्वांना कळली, आणि तिचे तेज ओसरले. पहिली चाल करणारे आता कमी रक्कम टाकू लागले, आणि साध्या पानांवरही आव्हान स्वीकारू लागले. वरच्याच हिशेबात समोरचा सहाऐवजी चारच वेळा डाव सोडतो असे धरा, बाकी सारे तेच ठेवा: दर डावामागे ७८५ चिपा आपल्याच जातात.