बिग बँड*

* ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे ताफे, सोबत पियानो, बास, ड्रम : साधारण सोळा-सतरा वादकांचा जाझ वाद्यवृंद. त्याच्या साथीने रंगलेल्या गायनमैफलीचे गाजलेले थेट ध्वनिमुद्रण म्हणजे 'सिनात्रा ॲट द सँड्स' (१९६६). लास व्हेगासच्या सँड्स हॉटेलात फ्रँक सिनात्रा गात होते, वाद्यवृंद काउंट बेसींचा, संचालन क्विन्सी जोन्स यांचे. गाण्यांच्या मधल्या सिनात्रांच्या गप्पाही तबकडीत तशाच ठेवल्या आहेत.

मुंबईत या संगीताला हॉटेलांनी आसरा दिला. १९३५ साली लिऑन ॲबींचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजला.

पुढे गोव्याच्या वादकांनी जम बसवला. त्यांतले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनियो शाविएर वाझ, संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) चित्रपटातल्या गाण्यांत बिग बँडचा हा बाज स्पष्ट ऐकू येतो. (सं.)