फाशीचा चौथरा, डाकोटा समाज आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात वॉकर आर्ट सेंटर या कलासंग्रहालयाला लागून एक मोठे शिल्पउद्यान आहे. १९८८ साली ते सुरू झाले. महाकाय चमचा आणि त्यावरची लाल चेरी ही त्याची ओळख. पण २०१७ साली तिथे जे घडले, ते आपण आंबेडकरी कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

नूतनीकरणानंतर उद्यान पुन्हा खुले होणार होते. त्यासाठी सॅम ड्युरंट या गोऱ्या कलावंताचे ‘स्कॅफोल्ड’ हे लाकडी शिल्प उभे केले गेले. अमेरिकी राजवटीशी जोडलेल्या सात फाशींचे चौथरे त्यात एकत्र केले होते. लोकांनी पायऱ्या चढून वर जावे, अशी त्याची रचना होती.

त्यातला एक चौथरा मॅन्केटो गावचा. करारांनी डाकोटांच्या जमिनी गेल्या, ठरलेले पैसे वेळेवर मिळाले नाहीत, उपासमार झाली आणि १८६२ साली युद्ध पेटले. पराभवानंतर लष्करी न्यायाधिकरणाने ३०३ जणांना मृत्युदंड सुनावला. काही खटले तर काही मिनिटांतच उरकले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ही संख्या कमी केली, तरी २६ डिसेंबर १८६२ रोजी ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. त्यानंतर आठवडाभरातच, १ जानेवारी १८६३ रोजी, त्याच लिंकन यांनी गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला. एका शोषित समूहाचा मुक्तिदाता दुसऱ्याच्या फाशीवर सही करू शकतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

हे शिल्प डाकोटांच्याच मूळ भूमीवर, डाकोटांना न विचारता उभे राहिले. ते दिसताच लोक कुंपणाबाहेर जमले. आमच्या पूर्वजांचा वधस्तंभ तुमच्या सहलीची जागा कशी होऊ शकते, हा त्यांचा सवाल होता.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: कलावंताच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे काय? त्याचा हेतू तर राज्यसंस्थेच्या हिंसेवर टीका करण्याचा होता. हेतू चांगला असेलही. पण प्रश्न हेतूचा नाही, निर्णयाच्या जागेचा आहे. शिल्प विकत घेताना, जागा ठरवताना त्या टेबलाभोवती डाकोटा कोण होते? १९३१ च्या गोलमेज परिषदेत गांधींनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा दावा केला, तेव्हा बाबासाहेबांनी तो फेटाळला तो याच मुद्द्यावर. सहानुभूती म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे.

शिवाय इथे सरकारने बंदी घातली नाही. संग्रहालय, कलावंत आणि डाकोटा ज्येष्ठ एकत्र बसले. शिल्प उतरवायचे ठरले, लाकूड डाकोटांच्या ताब्यात गेले, कलावंताने शिल्पावरचे बौद्धिक हक्कही त्यांना दिले. लाकूड जाळायचे की नाही, यावर ज्येष्ठांनी स्वतः विचार केला आणि ते पुरायचे ठरवले. पुढे २०२१ साली त्याच उद्यानात अँजेला टू स्टार्स या डाकोटा कलावंत स्त्रीची कलाकृती साकारली. ती डाकोटा भाषेवर आहे: मृत्यूवर नव्हे, जगण्यावर.

आपल्या वेदनेवर सिनेमे निघतात, प्रदर्शने भरतात, प्रबंध लिहिले जातात. पुढच्या वेळी टाळ्या वाजवण्याआधी एवढेच विचारा: निवड समितीत, निधी वाटपात, अंतिम निर्णयात आपले किती जण होते? उत्तर शून्य असेल, तर तो आपला सन्मान नाही. आपल्या वेदनेचा वापर आहे.

जय भीम!