पुन्हां पुन्हां येणारी वर्दी

अहिल्यानगर जिल्ह्यांतील पाथर्डी हा अवर्षणाचा तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कित्येक कुटुंबें ऊसतोडणीसाठीं गांव सोडतात. तत्पूर्वीं सरकारी कागदांचीं कामें उरकून घ्यावयाचीं असतात, आणि अलीकडे त्यांतील बरींचशीं कामें सेवा केंद्रांतील संगणकापुढें अंगठा टेकवून होतात. अशा वेळीं संगणकांतून चढत्या सुरांचा एक ध्वनि यावा, क्षणभरानें उतरत्या सुरांचा दुसरा यावा, आणि हा चढउतार कोणी हात न लावतां चालूं राहावा, म्हणजे अंगठा घेणारें यंत्र जोडलें जात आहे आणि तुटत आहे, असें समजावें. घरच्या संगणकावर हा आवाज केवळ कटकटीचा वाटतो. केंद्राच्या रांगेंत मात्र त्याच्यापायीं मजुराचा दिवस बुडतो. हा ध्वनि संगणकाला कसा प्राप्त झाला, हें जाणलें म्हणजे त्याच्यावरील इलाजहि सांपडतो.

१९९० च्या सुमारास संगणकाच्या पाठीमागें प्रत्येक उपकरणाची खोबण निराळी असे. प्रिंटरची एक, कीबोर्डची दुसरी, मोडेमची तिसरी. नवें उपकरण जोडावयाचें तर बहुधा यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें लागे. दोन उपकरणांनीं आंतील एकाच मार्गावर हक्क सांगितला, तर काम अडे. आणि अडलें कोठें, हें सांगणारें कोणी नसे. ही अडचण दूर करण्यासाठीं इंटेल, आय.बी.एम., मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक आदि सात कंपन्या १९९४ सालीं एकत्र आल्या, आणि जानेवारी १९९६ मध्यें यू.एस.बी. या सामाईक जोडणीचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. या कार्यांत इंटेलमधील अजय भट्ट यांचा वांटा मोठा होता. त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें. आणि ज्या नरेशाचें नांव तें विद्यापीठ मिरवितें, तो मूळचा नाशिक जिल्ह्यांतील कवळाणे गांवचा.

चालू यंत्रांत वाटेल तेव्हां उपकरण जोडावें, वाटेल तेव्हां काढावें, हें नव्या जोडणीचें वचन होतें. तें पाळणें सोपें नव्हतें. २० एप्रिल १९९८ रोजीं शिकागो येथील प्रदर्शनांत बिल गेट्स यांच्या समक्ष विंडोज ९८ चालविलेल्या संगणकास एक स्कॅनर जोडण्यांत आला, आणि हजारों प्रेक्षकांदेखत पडदा निळा होऊन यंत्र बंद पडलें. पुढें २००१ सालीं आलेल्या विंडोज एक्सपीमध्यें उपकरण आलें तर एक, गेलें तर दुसरा आणि ओळख पटली नाहीं तर तिसरा, असे निरनिराळे ध्वनि होते. त्याच वर्षीं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, आणि तिच्या एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमामुळें तालुक्यातालुक्यांतील तरुणांच्या हातीं संगणक आला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली येथें देशांतील पहिलीं आधार-पत्रें दिलीं गेलीं, आणि त्यानंतर अंगठ्याचें यंत्रहि या जोडणीच्या परिवारांत येऊन बसलें.

हा ध्वनि निघतो कसा? यू.एस.बी. च्या मूळ केबलींत चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन निरोपाच्या. उपकरण जोडतांच त्यांतील दीड किलोओहमचा एक रोध निरोपाच्या एका तारेवर सुमारें ३.३ व्होल्टचा दाब चढवितो. दाब चढला कीं संगणक ओळखतो कीं कोणी आलें. मग तो पाहुण्याचें नांव-गांव विचारतो, त्याला १ ते १२७ यांपैकीं एक क्रमांक देतो आणि आगमनाचा सूर वाजवितो. दाब उतरला कीं गमनाचा सूर. मात्र केबल हातानें काढली, कीं वीज कमी पडल्यानें उपकरण क्षणभर मूर्च्छित झालें, हा भेद त्याला कळत नाहीं. कोणी स्पर्श न करतां सूर वाजतो याचें कारण बहुधा हेंच होय.

वीज कमी पडण्याचीं कारणें साधीं असतात. जुन्या पद्धतीच्या चपट्या खोबणीचा आराखडा १,५०० वेळां घालण्या-काढण्यासाठीं केलेला आहे. रोज दोनदां केबल काढली, तर सुमारें दोन वर्षांतच ही संख्या भरते. खोबणींत धूळ बसते. केबल पांच मीटरांहून लांब असली तर निरोप दुबळा होतो. यू.एस.बी. २.० च्या एका खोबणींतून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल, तर प्रिंटर वगळतां बाकीचीं सर्व उपकरणें त्यांतच वांटणी करूं लागतात. शिवाय वीज वांचविण्यासाठीं विंडोज स्वतःच कित्येक उपकरणांना झोपवितें. त्यांतील कांहीं नीट जागीं होत नाहींत.

तेव्हां शोधाची रीत क्रमाक्रमानें चालावी. प्रथम डिव्हाइस मॅनेजर उघडून ठेवावा आणि सूर वाजतांच यादींतून कोणतें नांव लोपतें तें पाहावें. तें न कळल्यास कीबोर्ड व माउस ठेवून बाकीचीं सर्व उपकरणें काढावीं, दोन सुरांमध्यें एरव्हीं जेवढें अंतर पडे त्याहून अधिक वेळ थांबावें, आणि मग एकेक उपकरण परत जोडावें. ज्याच्या जोडणीनंतर सूर पुन्हां सुरू होईल, त्याची केबल आधीं बदलावी, आणि तें हब टाळून संगणकाच्या पाठीमागील खोबणींत लावावें. पुढील खोबणी आंतील आणखी एका तारेनें जोडलेल्या असतात. सर्व कांहीं काढूनहि सूर थांबला नाहीं, तर पेटीच्या आंतील कार्ड-रीडर, ब्लूटूथ किंवा पुढील खोबणच दोषी असण्याचा संभव आहे. अखेरीस यू.एस.बी. रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधील वीज वांचविण्याची खूण काढून पाहावी.

ध्वनि बंद करण्याची सोय विंडोजमध्यें आहे, आणि वैतागलेला मनुष्य प्रथम तिकडेच वळतो. परंतु त्यायोगें जोडणी तुटावयाची राहत नाहीं. ती मुकाट्यानें तुटते एवढेंच. पेन-ड्राइव्हवरील कागद अर्धवट लिहिला जातो, अंगठा तिसऱ्यांदां नाकारला जातो, आणि दोष यंत्राचा असतांना रांगेंतील मनुष्य आपले कोयत्यानें झिजलेले हात पाहत राहतो. नवी केबल थोड्या पैशांत मिळते. मुकादमाची गाडी मात्र ठरल्या दिवशींच सुटते.