चोरून आलेला उतारू

व्यापाराचा इतिहास लिहिणारे लोक विकल्या गेलेल्या मालाचा हिशेब मांडतात. कोणत्या बंदरात किती गासड्या उतरल्या, त्यांवर जकात किती बसली, हे त्यांना तोंडपाठ असते. परंतु जी वस्तू दुकानात आलीच नाही आणि तरीही जिच्यासाठी माणसे झुरत राहिली, तिची नोंद कोणत्या वहीत करावयाची? आज अशाच एका वस्तूविषयी बोलणार आहे.

१ जुलै १९७९ रोजी जपानात सोनी कंपनीने ‘वॉकमन’ विक्रीस काढला. कंपनीचे एक संस्थापक मासारु इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकण्याची हौस. पण जवळचे यंत्र फार जड. बातमीदारांच्या उपयोगाचा एक छोटा ध्वनिमुद्रक कंपनी आधीपासून करीतच होती. त्यातील मुद्रणाची सोय काढून टाकली, दोन्ही कानांना स्वतंत्र नाद पोचेल अशी व्यवस्था केली आणि सुमारे ५० ग्रॅम वजनाचा हेडफोन जोडला. किंमत ३३,००० येन. जे मुद्रण करीत नाही ते यंत्र घेणार कोण, अशी शंका काढणारे होतेच, आणि पहिला महिना त्यांच्याच बाजूने गेला. ऑगस्ट संपता संपता मात्र पहिली ३०,००० यंत्रे संपली होती.

खरी गंमत नावाची आहे. ‘वॉकमन’ हे इंग्रजी म्हणजे जपानात जुळविलेले इंग्रजी. कंपनीचे दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनाही ते रुचले नव्हते. पण जाहिराती तयार झाल्या होत्या. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील विक्रेत्यांना तर असला शब्द दुकानात मांडण्याची लाज वाटली. म्हणून अमेरिकेत ‘साउंडअबाउट’, ब्रिटनमध्ये ‘स्टोअवे’, स्वीडनमध्ये ‘फ्रीस्टाइल’ अशी निरनिराळी बारशी झाली.

पण अमेरिकेच्या दुकानांत यंत्र पोचेपर्यंत १९८० चा जून उजाडला. मधल्या काळात जपानला जाऊन आलेले प्रवासी ते भेट म्हणून घरी नेत होते, आणि वस्तूबरोबर तिचे जपानी बारसेही नेत होते. ज्याने ते मित्राच्या घरी कानाला लावून पाहिले, तो दुकानात जाऊन ‘वॉकमन’च मागणार! शेवटी मोरितांनी ती वेगवेगळी नावे रद्द करून सर्वत्र एकच नाव ठेवले. वस्तू ज्यांच्या देशात मिळत नव्हती त्यांच्या तोंडी बसलेले नाव विक्रेत्यांना मुकाट्याने स्वीकारावे लागले, असे मी म्हणेन. पुढे हे नाव खुद्द मालकालाही आवरेना. ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ते सर्वसामान्य शब्द झाल्याचा निर्णय दिला.

‘स्टोअवे’ म्हणजे जहाजात चोरून बसलेला उतारू. ब्रिटनमध्ये हे नाव टिकले नाही. वास्तविक ते आपल्याकडे शोभले असते. इतरत्र वस्तू आज ना उद्या दुकानात येणार होती, येथे कायदाच आडवा होता. चैनीच्या मालाची आयात परवान्याखाली जखडलेली, परकीय चलनाची टंचाई कायमची. तेव्हा वॉकमन आला तो सामानातून. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि रत्नागिरीकडचे कितीतरी तरुण आखाती देशांत गेले. सुट्टीवर परतताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये यंत्र, आणि जकात अधिकाऱ्यासमोर उभे राहताना छातीत धडधड! ज्यांचा कोणी आखातात नव्हता, त्यांनी मुंबईतील मुसाफिरखाना गाठावा, दबक्या आवाजात भाव करावा. पावती नाही, हमी नाही. आणि आपल्यापैकी पन्नाशी उलटलेल्यांना आठवेल, यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आपण त्याला वॉकमनच म्हणत होतो.

हा माणूस चैनीखोर होता काय? देशाच्या गंगाजळीचा विचार करता परवान्यांचे ते धोरण अगदीच निराधार नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तथापि एका खोलीत सहा माणसे राहतात तेथे स्वतःच्या कानापुरते गाणे मिळावे, ही इच्छा चैनीच्या सदरात घालताना माझी लेखणी अडखळते.

१ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ जिनसांवरील आयातबंधने उठली. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियात ॲपल कंपनीने आयपॉड दाखविला. त्यात फीत नव्हतीच.