सांगली ते ग्रँट रोड, साल १८५३

कानात इअरफोन आहेत ना? लोकलमध्ये उभे असाल तर आधी नीट पकडून उभे राहा, कारण आजची गोष्ट लोकल सुरू होण्याच्याही आधीची आहे. अगदी महिनाभर आधीची.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे गेली, हे आपण शाळेत पाठ केलंय. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, रेल्वे धावायच्या आधी, सांगलीची एक नाटक मंडळी मुंबईत एका थिएटरच्या रंगमंचावर उभी होती. ही गोष्ट मात्र कुणी पाठ करून घेतली नाही. त्या मंडळींचे प्रमुख होते विष्णुदास अमृत भावे. वय पस्तिशीच्या आसपास.

थोडं मागे जाऊ. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळींचे खेळ सांगलीत आले. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी ते पाहिले आणि त्यांना वाटलं, असं काहीतरी आपल्या भाषेत व्हावं. काम दिलं भाव्यांना. भावे पदं रचायचे, लाकडी बाहुल्याही करायचे. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झालं. आज आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, तो याच प्रयोगामुळे.

हे नाटक दिसायचं कसं? आजच्यासारखं अजिबात नाही. सूत्रधार आणि त्याचे साथीदार बाजूला उभे राहून पदं म्हणणार. आधी विदूषक येणार, अंगाला झाडपाला गुंडाळलेला, सूत्रधाराशी चेष्टामस्करी करणार. मग गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती, आणि मग मूळ कथा. बायकांची कामं पुरुषच करायचे. पदं लिहिलेली असायची, पण संवाद पात्रांनी ऐन वेळी बोलायचे. राक्षस आले की आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट. पुढच्या पिढीतल्या शिकलेल्या लोकांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ अशी नावं ठेवली ती त्यामुळेच.

आता मुख्य मुद्दा. सांगलीत ही सगळी मंडळी चालायची एका माणसाच्या इच्छेवर. राजाने सांगितलं म्हणून नाटक झालं, राजाने पैसे दिले म्हणून टिकलं. आमच्या ऑफिसच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एक सर्व्हर बंद पडला की सगळं बंद. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि तेच झालं. आश्रय संपला.

हातात आठेक वर्षांचा अनुभव, तयार झालेले नट, वेशभूषेच्या पेट्या, आणि पोसणारं कोणी नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. दुसरा राजा शोधायचा किंवा गावोगाव फिरून अनोळखी लोकांपुढे उभं राहायचं. भाव्यांनी फिरायचं ठरवलं, आणि त्या फिरण्यातला सगळ्यात मोठा टप्पा होता मुंबई.

सांगली ते मुंबई आज आपण रात्रीच्या स्लीपर बसने झोपून जातो. तेव्हा पुण्याहून मुंबईला यायचं म्हणजे बोर घाट उतरायचा, पनवेलपर्यंत यायचं आणि तिथून होडीने खाडी पार करायची, असा नेहमीचा रस्ता होता. आणि पोचल्यावर समोर काय? १८४९ च्या गणतीत मुंबईची वस्ती साडेपाच लाखांच्या वर होती. मराठी, गुजराती, पारशी, कोकणी मुसलमान, इंग्रज, सगळे एका बेटावर. सांगलीत प्रेक्षकांत बसलेला प्रत्येक चेहरा ओळखीचा. इथे एकही नाही.

सुरुवातीचे खेळ गिरगावात झाले, घरगुती पद्धतीने, मराठी वस्तीत. तिथपर्यंत ठीक होतं. पण नंतर मंडळी गेली ग्रँट रोड थिएटरला, आणि या थिएटरची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते.

झालं असं होतं की कोटात इंग्रजांचं एक जुनं थिएटर होतं, ते कर्जापायी विकावं लागलं. मग नवीन थिएटरसाठी जागा दिली जगन्नाथ शंकरशेट यांनी, ग्रँट रोडवर. १८४६ मध्ये ते सुरू झालं. लोक त्याला शंकरशेटची नाटकशाळाच म्हणायचे. बांधलं होतं प्रामुख्याने इंग्रजी नाटकांसाठी. पण साहेब लोक राहणार कोटात, थिएटर कोटापासून लांब. रात्री घोडागाडी काढून नेटिव्हांच्या वस्तीतून एवढ्या दूर कोण येणार? त्यामुळे इंग्रजी प्रेक्षक हळूहळू आटत गेला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. ग्रँट रोडला लागून काय आहे? गिरगाव. थोडं पुढे भुलेश्वर, काळबादेवी. म्हणजे ज्या कारणाने साहेब तिथे येत नव्हता, त्याच कारणाने आपली माणसं चालत येऊ शकत होती! प्रेक्षक नसलेलं एक थिएटर आणि थिएटर नसलेली एक नाटक मंडळी मार्च १८५३ मध्ये एकमेकांना भेटली.

त्या भेटीत बरंच काही बदललं. सांगलीत नाटक म्हणजे दरबारचं निमंत्रण. इथे तिकीट. ज्याच्या खिशात पैसे, तो आत. जात, गाव, ओळख नंतर. सांगलीत आवडलं की नाही हे एका माणसाच्या चेहऱ्यावर वाचायचं. इथे ते खुर्च्या भरल्या की रिकाम्या राहिल्या यावरून कळणार. खेळाची जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची. आणि भाषेचाही प्रश्न आला. मुंबईत सगळे मराठी नव्हते. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भाव्यांच्या मंडळींनी ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदुस्थानी भाषेत केलं. हिंदी रंगभूमीच्या इतिहासातही या प्रयोगाची नोंद घेतली जाते. सांगलीत राहिले असते तर भाव्यांना हे सुचायचं काही कारणच नव्हतं.

आणखी एक. ऑक्टोबर १८५३ मध्ये, म्हणजे भाव्यांनंतर काही महिन्यांतच, पारशी मंडळींनी याच थिएटरात रुस्तम-सोहराबची कथा रंगवली. पुढे पारशी थिएटर, आणि त्यातून आपला सिनेमा किती घडला हे आपण एका जुन्या भागात बोललोय. थोडक्यात, एकाच इमारतीत एकाच वर्षी बऱ्याच गोष्टींना सुरुवात झाली.

इथे मी तुम्हाला माझ्या रूममेटबद्दल सांगतो. तो कोल्हापूरकडचा आहे, मुंबईत ऑडिशन देतो. दर रविवारी वडिलांचा फोन येतो आणि प्रश्न एकच, ‘अजून किती दिवस?’ मी शेजारच्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेला असतो, माझा पगार एक तारखेला जमा झालेला असतो. त्याला काय उत्तर द्यावं हे मला कळत नाही. म्हणून भाव्यांची गोष्ट शोधताना मी पुढचं पान जरा घाबरतच उलटलं. मुंबई जिंकल्यावर या माणसाचं काय झालं?

तर ऐका. भाव्यांचं पाहून गावोगावी नाटक मंडळ्या निघाल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर. तिकीट लावून नाटक चालतं हे एकदा सिद्ध झालं की कॉपी करायला कितीसा वेळ लागतो? तिकडे शिकलेल्या प्रेक्षकाची आवड बदलत होती. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं, संवादांसकट लिहिलेलं. राक्षसांच्या आरोळ्या जुन्या वाटायला लागल्या. आणि १८६० नंतर लवकरच भाव्यांनी नाटक मंडळी सोडली. म्हणजे मुंबईत आल्यापासून दहा वर्षंही झाली नव्हती. पुढे १८८५ मध्ये त्यांनी आपली पदं ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून छापली. १९०१ मध्ये ते गेले. तोवर किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ला वीस वर्षं होऊन गेली होती आणि संगीत नाटक जोरात होतं.

याला यश म्हणायचं की अपयश? मी यावर बराच विचार केला. माझं मत असं की आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. ‘मुंबईत टिकला का?’ हे आपण एका माणसाबद्दल विचारतो. भावे स्वतः फार काळ टिकले नाहीत. पण अनोळखी माणूस खिशातून पैसे काढून आपलं नाटक बघायला येतो, हे त्यांनी दाखवून दिलं आणि ते टिकलं. किर्लोस्कर, बालगंधर्व, आजचं शिवाजी मंदिर, सगळे त्याच भरवशावर उभे राहिले.

रूममेटला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘ते ठीक आहे रे, पण भाडं?’ बरोबर आहे त्याचं. इतिहास भाडं भरत नाही. पण भाड्याचा प्रश्न भाव्यांच्या मंडळींनाही होताच, आणि तरी ती माणसं पेट्या उचलून घाट उतरली.

ते थिएटर आज उभं नाही. ग्रँट रोड स्टेशन मात्र आहे. पुढच्या वेळी तिथे उतरलात तर पुलावर दोन मिनिटं थांबा आणि दक्षिणेला, गिरगावच्या दिशेने बघा. तिकडून लोक चालत नाटकाला आले होते.

तुमच्या गावातून असं कुणी पहिल्यांदा मुंबईला गेलं असेल तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!