वाकडी बोटे आणि कोपरातील मज्जातंतू

कोपर कशावर आपटले की थेट करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो. त्यामागच्या खोबणीतून अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. तो तेथे जवळजवळ कातडीखालीच असतो. करंगळीची व अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना आणि पंजाचे बहुतेक लहान स्नायू त्याच्यावर अवलंबून असतात. तो निकामी झाला की ही बोटे आकड्यासारखी वाकतात.

अशी बोटे पाहून वर्धा जिल्ह्यात आपल्याला प्रथम कुष्ठरोग आठवला तर नवल नाही. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम सुरू केले. सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतः करीत. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून कातडीलगतचा हा मज्जातंतू त्यांच्या तावडीत सापडतो आणि जाड होतो.

पण त्याच मज्जातंतूला दुसरीही इजा होते. १८७८ मध्ये पॅरिसचे शल्यविशारद पानास यांनी तिचे वर्णन केले. लहानपणी पडून दंडाच्या हाडाचे कोपराकडील बाहेरचे टोक मोडते. ते नीट जुळले नाही तर वाढत्या वयात हात कोपरापासून बाहेरच्या बाजूला झुकतो आणि मज्जातंतू ताणला जातो. बोटे दुबळी होतात ती कित्येक वर्षांनी. तोवर ते पडणे विस्मरणात गेलेले असते. अशा माणसाला केवळ बोटांवरून महारोगी ठरवणे हा मोठा अन्याय होय.

तिसरे कारण १८८१ मध्ये जर्मनीच्या फोल्कमान यांनी दाखवले. मोडलेल्या हाताला पट्टी करकचून बांधली की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, ते मरतात आणि आखडतात. मग मनगट व बोटे कायमची वाकडी होतात. हे नुकसान काही तासांतच होते.

म्हणून शाळेत मूल पडून कोपर सुजले तर ते चोळू नये, ओढू नये. हात आहे तसा आधाराला ठेवून मुलाला रुग्णालयात न्यावे. पट्टी किंवा प्लॅस्टर असताना वेदना वाढत गेल्या, बोटे सरळ करताना मूल कळवळले किंवा बोटे गार, बधिर पडली, तर सकाळची वाट पाहू नये. आणि गावात कोणाची बोटे वाकडी दिसली तर कातडीवर बधिर चट्टे आहेत का, हे जसे विचारतो तसेच लहानपणी कोपर मोडले होते का, हेही विचारावे. उत्तर काहीही आले तरी तपासणी लवकर व्हावी. कुष्ठरोग आज औषधांनी बरा होतो, पण मज्जातंतूची जुनी हानी सहसा भरून येत नाही.