टर्बोचा विलंब आणि इंजिनाची मांडणी

ॲक्सिलरेटर दाबल्यापासून गाडी प्रत्यक्ष झेप घेईपर्यंत जो वेळ जातो, त्याला टर्बोच्या गाड्यांत ‘टर्बो लॅग’ म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एक छोटे टर्बाइन फिरवतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा अधिक म्हणून इंधन अधिक आणि म्हणूनच शक्तीही अधिक. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच या कल्पनेचे पेटंट घेतले होते. अडचण एवढीच की, टर्बाइन फिरण्यासाठी वायूंचा जोरकस झोत लागतो आणि तो झोत मिळण्यासाठी इंजिनाने आधी जोर धरावा लागतो.

या विलंबाचे खापर सहसा टर्बोच्या आकारावर फोडले जाते. मोठे चाक गती घ्यायला वेळ लावते, हे खरेच. परंतु टर्बो कोठे बसवला आहे, हेही तितकेच निर्णायक ठरते. सिलिंडरपासून टर्बाइनपर्यंतची नळी जितकी लांब, तितकी वायूंची उष्णता आणि त्यांच्या दाबाचे ठोके वाटेतच विरतात. आणि नळीची लांबी ठरते ती इंजिनाच्या मांडणीवरून.

याचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे पोर्शे ९११ टर्बो. ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडण्यात आली. तीन लिटरचे इंजिन, २६० अश्वशक्ती. सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ओळींत समोरासमोर आडवे, आणि दोन्ही बाजूंचे वायू नळ्यांतून वळवून एकाच टर्बोकडे आणलेले. दाबाखाली इंजिनाला हादरे बसू नयेत म्हणून कॉम्प्रेशनचे प्रमाण अवघे ६.५ ठेवले होते; त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत इंजिन मंदच वाटे. त्यातच हे अवजड इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे होते. वळणात चालकाने ॲक्सिलरेटर दाबावा, काहीच घडू नये, त्याने आणखी दाबावा आणि मग सारी शक्ती एकदम मागच्या चाकांवर कोसळावी, असा तो प्रकार. घाबरून पाय उचलला तर गाडीचा भार पुढे सरकून मागची चाके हलकी होत आणि मागचे वजन गाडीला फिरवून टाकी. ‘विधवा करणारी’ हे या गाडीला पडलेले टोपणनाव उगाच पडले नव्हते.

पोर्शेला यातून बाहेर यायला दोन दशके लागली. १९९५ च्या ९११ टर्बोत सिलिंडरांच्या प्रत्येक ओळीला स्वतःचा छोटा टर्बो मिळाला आणि शक्ती चारही चाकांकडे वाटली गेली. पुढे २००६ मध्ये टर्बाइनभोवतीची पाती गरजेनुसार वळवणारी रचना आली. डिझेलमध्ये ती आधीपासून रुळलेली होती; पेट्रोलचे वायू कितीतरी अधिक तप्त असल्याने पात्यांसाठी उष्णता सोसणारे मिश्रधातू वापरावे लागले.

एका ओळीतील चार सिलिंडरांच्या इंजिनाची अडचण निराळी. तेथे एका सिलिंडरचा ठोका संपण्याआधीच दुसऱ्याचा सुरू होतो आणि दोन्ही एकमेकांना अडवतात. म्हणून पहिला व चौथा, तसेच दुसरा व तिसरा अशा जोड्या करून त्यांचे वायू टर्बाइनपर्यंत वेगळ्या वाटांनी नेतात. यालाच ‘ट्विन स्क्रोल’ म्हणतात. तीन सिलिंडरांत ठोके मुळातच पुरेशा अंतराने येतात, त्यामुळे हा खटाटोप करावा लागत नाही.

‘व्ही’ आकाराच्या इंजिनात वायू परंपरेने दोन्ही बाहेरच्या अंगांनी निघत. २००८ मध्ये बीएमडब्ल्यूने एक्स-६ मधील आठ सिलिंडरी इंजिनात ही दिशा उलटी केली आणि दोन्ही टर्बो ‘व्ही’च्या खोबणीतच बसवले. नळ्या आखूड झाल्या, प्रतिसाद सुधारला. पण इंजिनाच्या मधोमध जणू भट्टीच पेटली. सततच्या उष्णतेने आसपासची सीले व रबरी नळ्या लवकर कडक होतात. २०१४ च्या अखेरीस कंपनीला अमेरिकेत या इंजिनांसाठी खास देखभाल मोहीम हाती घ्यावी लागली. त्याच वर्षी मर्सिडीज-एएमजीनेही जीटी या गाडीसाठी हीच मांडणी स्वीकारली.

महाराष्ट्रातील चालकांना टर्बोच्या विलंबाची ओळख झाली ती मुख्यतः छोट्या डिझेल गाड्यांतून. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यात बनणारे फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट इंजिन दोन रूपांत मिळे : साध्या टर्बोसह सुमारे ७५ अश्वशक्तीचे आणि वळत्या पात्यांच्या टर्बोसह सुमारे ९० चे. साध्या टर्बोच्या इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या खाली गेले की गाडी मलूल होई. घाटात ट्रक ओलांडताना आधी गिअर उतरवून फेरे चढवायचे आणि मगच बाहेर पडायचे, ही सवय चालकांनी अंगी बाणवली ती त्यामुळेच.